उतरवायचं राहिलेलं सोंग

लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा पाट्या भराभर बदलल्या. उस्मानाबादचं नाव पुसून लातूरचं लिहिलं गेलं, नव्या कचेऱ्या आल्या, नवे हुद्दे निघाले. पाऊस मात्र कुठल्याच जिल्ह्याचा राहिला नाही. चौथ्या वर्षी उदगीर रस्त्यावरच्या विहिरींचे तळ दिसायला लागले, आणि नेमकी त्याच वर्षी तिथल्या सहकारी तेल गिरणीला नवा व्यवस्थापक नेमायची हुक्की आली.

निवृत्ती त्या गिरणीत चौदा वर्षं सुपरवायझर होता. त्याला ती खुर्ची हवी होती, आणि कशासाठी हवी होती हे त्याच्या बायकोला, चांगुणाला, ठाऊक होतं. गिरणीच्या तारेच्या कुंपणापलीकडे तिच्या माहेरची वस्ती होती. वस्तीचा आड आटला होता. गिरणीच्या बोअरला मात्र अजून दोन इंची पाणी होतं, आणि ते कोणाला द्यायचं हे व्यवस्थापकाच्या सहीवर होतं. "मी बसलो की पहिली सही वस्तीच्या नळाची," असं त्याने तिला सांगून ठेवलं होतं. माणूस शब्दाचा पक्का होता, म्हणून तर पुढचं सांगताना जीभ अडखळते.

पूर्वी असल्या जागा चेअरमनच्या घरी चहाबरोबर ठरत. या वेळी पुण्याहून परीक्षक आले. लेखी नाही, तोंडी नाही. म्हणे खोटा प्रसंग उभा करायचा, उमेदवाराने त्यात व्यवस्थापक व्हायचं आणि यांनी भिंतीला टेकून बसून गुण द्यायचे. प्रसंग त्यांनी पुण्यातच लिहून आणला होता. दुष्काळ आहे, एक गावकरी कारखान्याचं पाणी मागायला आला आहे, पाणी देण्याचा अधिकार तुम्हाला नाही. त्याला न दुखावता, शब्द न देता, पंधरा मिनिटांत परत पाठवा. काही झालं तरी भूमिका सोडू नका.

गावकरी व्हायला पुण्याचाच एक नट यायचा होता. तो आलाच नाही. तेव्हा गिरणीचा शिपाई लिंबाजी उदगीरच्या बाजारातून माणिकप्पाला घेऊन आला. माणिकप्पा पिढीजात बहुरूपी. फौजदाराचं सोंग घेऊन दुकानात शिरला की ज्यांचा तराजू खरा तेही दुकानदार चळाचळा कापत. अडला हरी, परीक्षकांनी त्यालाच खुर्चीत बसवलं.

निवृत्तीचा नंबर पाचवा. आधीचे चौघे त्याने दारातून पाहिले. एक चिडला, एकाने नसतं वचन दिलं, दोघं घामाघूम झाले. पण त्याचं लक्ष माणिकप्पाकडे होतं. घंटा वाजली तरी तो उठायचा नाही. ओठ सुकलेले, नजर भिंतीपलीकडे कुठेतरी. मग लिंबाजी दारातून हाक मारायचा, "माणिकप्पा, ये भाईर." तेव्हा कुठे त्याचे खांदे सैल पडायचे, डोळे ओळख द्यायचे आणि तो बिडी मागायचा.

निवृत्ती टेबलामागे बसला. समोरचा म्हणाला, "साहेब, बाया चार कोस जाऊन राहिल्या पान्याला. तुमच्या तारेपल्याड पानी हाय. द्या की."

निवृत्तीच्या जिभेवर 'हाव, देतो' येऊन थांबलं. भिंतीकडच्या पेन्सिलीही थांबल्या होत्या. आज नाही म्हणू, म्हणजे उद्या हो म्हणता येईल, असा त्याने मनाशी हिशोब केला आणि तो म्हणाला, "आपली मागणी रास्त आहे. मी ती वर कळवतो." आवाज इतका मऊ आणि गुळगुळीत निघाला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. पंधरा मिनिटं तो आवाज न चुकता बोलत राहिला. खोटं कशाला बोलू, निवृत्तीला तो आवडलाही.

घंटा झाली, लिंबाजीची हाक झाली, माणिकप्पा माणसात आला, पण हलला नाही. टेबलावर वाकून हळूच म्हणाला, "साहेब, तुमचंबी उतरवून घ्या. आमच्यात रीत हाय. सोंग घेतलं की जिवाच्या मानसानं नावानं हाक मारून उतरवाय लागतंय. तसंच उंबरा वलांडला तर लई वंगाळ. हाय का हितं कोन तुमचं?"

परीक्षक पाहत होते. हाही परीक्षेचाच भाग असला तर? निवृत्ती हसला आणि म्हणाला, "आपली सूचना नोंदवून घेतो."

भिंतीकडे खसखस पिकली. शेवटपर्यंत भूमिका टिकवली म्हणून सगळ्यांत जास्त गुण त्यालाच पडले. माणिकप्पा मात्र हसला नाही. निवृत्तीकडे पाठ न करता, तोंड त्याच्याकडेच ठेवून, एकेक पाऊल मागे टाकत तो खोलीबाहेर गेला.

खुर्ची मिळाली. पहिल्याच सकाळी निवृत्तीने वस्तीच्या नळाचा हुकूम टाइप करून घेतला, फक्त सही राहिली. तेवढ्यात मेहुणा केरबा वस्तीतली चार माणसं घेऊन आला. "दाजी, आता तुमीच मालक. नळ कवा सोडता?"

निवृत्तीने पेन उघडलं. "आपली मागणी रास्त आहे," त्याचं तोंड म्हणालं. "मी ती वर कळवतो."

वर कोण होतं? तोच होता. दाजी चेष्टा करून राहिले म्हणून केरबा खदखदून हसला. निवृत्तीलाही हसायचं होतं, हा बघ कागद असं म्हणायचं होतं. त्याच्या हाताने तो कागद ड्रॉवरमध्ये ठेवला आणि ड्रॉवर लावून घेतला.

घरी चांगुणाने विचारलं, "अजून भाकर वाढू का?" तर उत्तर आलं, "त्याबाबत विचार करून कळवण्यात येईल." पहिल्या दिवशी ती हसली, चौथ्या दिवशी चिडली, आठव्या दिवशी तिला भीती वाटायला लागली. निवृत्तीला तर त्याआधीपासूनच वाटत होती. तो आत होता, आडाच्या तळाशी उभा असल्यासारखा. वरचं बोलणं त्याला ऐकू यायचं, त्याची हाक मात्र वर पोचायची नाही. आणि तळ रोज थोडा खाली जात होता.

लिंबाजीने शेवटी चांगुणाला रीत सांगितली. माणिकप्पा देगलूरकडे निघून गेला होता, बारा गावचा माणूस, कुठे शोधणार. लिंबाजीने स्वतः कचेरीत तीनदा "निवृत्ती" म्हणून हाक मारून पाहिली, तर त्यालाच मेमो मिळाला. "आपली हाक न्हाई चालत, वैनी. जिवाचं मानूस पायजे. माय-बाप गेले. आता तुमीच."

चांगुणाने एकोणीस वर्षांत नवऱ्याचं नाव एकदाच घेतलं होतं, लग्नातल्या उखाण्यात. नाव घेतलं की धन्याचं आयुष्य कमी होतं, असं तिची आई सांगायची. तिने देवीला नवस बोलला, अंगारा लावला, मिरच्या ओवाळल्या, पण नाव काही तिच्या तोंडून निघेना. यात महिना गेला. त्याच्याच आयुष्यासाठी ती गप्प राहिली, तिला कोणत्या तोंडाने बोल लावायचा?

मग एका दुपारी वस्तीतली म्हातारी नागाबाई पाणी आणताना वाटेत टेकली, ती उठलीच नाही. चांगुणा तशीच गिरणीत आली. मागे वस्तीच्या साऱ्या बाया.

निवृत्ती टेबलामागे बसला होता. दार उघडून एक बाई आत आली. डोक्यावरचा पदर घसरलेला, काखेत रिकामी घागर. चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा होता. ती बराच वेळ नुसतेच ओठ हलवत राहिली. मग डोळे गच्च मिटून, साऱ्या बायांच्या देखत, स्वच्छ आवाजात म्हणाली, "निवृत्ती."

दारातल्या बायांनी तोंडाला पदर लावला.

नाव त्याला ओळखीचं वाटलं. कुठे ऐकलं ते आठवेना. एखाद्या जुन्या हजेरीपटावर असेल. बाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तेव्हा त्याने अदबीने खुर्ची पुढे केली.

"ते आता इथे नसतात, बाई," तो म्हणाला. "निरोप असेल तर ठेवून जा."

बाई बसली नाही, हललीही नाही. तिला लिहिता येत नसावं. म्हणून त्याने स्वतःच कागद पुढे ओढला, पेन उघडलं आणि विचारलं, "आपलं नाव?"