समुद्राले, सिरोंचा मार्गे

माह्या नवऱ्याच्या हातात कोणी मोबाईल देऊ नका, अशी मी आता गावात दवंडीच देणार आहे. एवढा मोठा बाप्या, दोन पोट्ट्याईचा बाप, अन् त्यानं भर दुपारी खाटेवर पडल्या पडल्या कोणत्या तरी देशातली गाडी पाह्यली. गाडीतच खाट, गाडीतच गॅस, गाडीतच मोरी. गोरे गोरे पोट्टे खिडकीतून हात हलवून राह्यले अन् त्याईची माय हसून राह्यली. तिले हसाले काय जाते! तिच्या घरी प्रफुल्लसारखा नवरा थोडीच आहे.

"रंजी," प्रफुल्ल म्हणला, "आपली गाडी अशीच करू. पोट्ट्याईले घेऊन समुद्र पाहून येऊ. लॉज नको, काई नको."

आता आपली गाडी म्हणजे कोणती, ते ऐका. आम्ही ढिवर. प्रफुल्ल सोसायटीच्या तलावावरून मासोळ्या भरून आणते, अन् मी त्या चामोर्शीच्या बाजारात विकते. ज्या पिकअपमध्ये बारा महिने रोहू अन् कतला बर्फात झोपतात, तिच्यात आता आम्ही झोपायचं.

दुसरी वेळ असती तं मी त्याले तिथंच सोलला असता. बाजारात माह्या तोंडाले लागायची कोणाची टाप नाई. पण मी हो म्हणलं, अन् त्याचं कारण आचल.

आचल आमची मोठी. वर्ध्याजवळच्या निवासी शाळेत तिचा नंबर लागला. आता सहावीपासून तिथंच राहाचं, तिथंच शिकाचं. जून सरता सरता जायचं आहे. गुरुजींनी बजावून सांगतलं, दिलेल्या तारखेले पोरगी हजर नाई झाली तं जागा वेटिंगवाल्या पोरीले जाते. मी बाजारभर पेढे वाटले. माह्या खानदानात कोणी पोरगी चामोर्शीच्या पुढं शिकाले गेली नाई. अन् त्याच रात्री ताटं मांडताना माह्या लक्षात आलं, की आता एक ताट मांडणीवरच राहीन. सगळे एकत्र असलेली ही शेवटची सुट्टी. पोरीनं समुद्र पाह्यला पाहिजे अन् मी तिच्या बाजूले उभी पाहिजे, एवढंच मले पाहिजे होतं. त्यासाठी मासोळीच्या गाडीत झोपीन म्हणलं.

तिथून आफतच सुरू झाली.

पहिले गाडी धुतली. फिनाईलनं धुतली, लिंबानं घासली, चिंचेच्या पाण्यानं घासली. प्रफुल्लनं आत नाक घालून सांगतलं, "वास गेला." मीही पाह्यलं, गेलाच होता. माह्या धाकट्यानं, अतुलनं पाह्यलं. म्हणे गेला. अन् गावातल्या सगळ्या मांजरी चाकाखाली ठिय्या मांडून बसल्या त्या उठायलेच तयार नाईत. आम्हाले तो वास कधी येतच नाई, तं तो गेला हे आम्हाले कसं समजणार? हे कोणाच्या डोक्यातच आलं नाई.

मग कूलर. साहेबांनी गाडीत मागच्या बाजूले कूलर बसवला. लहानसहान नाई, लग्नाच्या मंडपात लावतात तसा लोखंडी, छातीएवढा. निम्मी गाडी त्यानंच खाल्ली.

"का जी, समुद्राकाठी कूलर कायले?" मी इचारलं.

"अन् उकडलं तं?"

"तिथी वारा असते म्हणतात."

"असते म्हणतात! आपण पाह्यला का? उन्हाळ्यात कूलरबिगर माणूस जगते का कुठी?"

आता या माणसासंगं काय बोलाचं! चामोर्शीच्या उन्हात जलमला, त्याले वाटते सगळ्या दुनियेत असंच ऊन पडते. कूलर चालू केला, गवत भिजलं, अन् आतून अशी थंडगार कतल्याची हवा आली की मांजरी उभ्या राह्यल्या. त्या हवेचा वास मलेबी आला. अतुल गाडीत टाकलेल्या खाटेवर उड्या मारून राह्यला होता. "आई, मस्त! गाडीतच तलाव!" त्याच्या पाठीत मी एक धपाटा घातला. त्याचा काई गुन्हा नव्हता, पण कोणाले तरी घालणं भाग होतं.

हे सगळं परवडलं. खरी बोंब पुढंच आहे.

आमच्याकडं रीत अशी, की सोयऱ्याच्या गावावरून गाडी गेली तं पाणी प्याले थांबाच लागते. नाई थांबले तं लोक मरेपर्यंत ध्यानात ठेवतात. माह्या नणंदेच्या लग्नात एक मामा पंगतीतून उठून गेला होता. काऊन? तं आम्ही बसलेली एस.टी. त्याच्या फाट्यावरून न थांबता गेली म्हणून. एस.टी.! ती काय माह्या बापाची आहे? अन् पाणी म्हणजे नुसतं पाणी नसते. पाणी म्हणजे कोंबडी. कोंबडी म्हणजे मुक्काम. मुक्काम म्हणजे सकाळी निघता निघता ओटी, अन् ओटी भरणारीच्या जावेकडंही एक चक्कर, नाईतर ती रुसते.

म्हणून मी सगळ्याईले बसवून ताकीद दिली. कोणाले सांगाचं नाई. गुपचूप निघायचं, समुद्र पाहाचा, शाळा लागायच्या आत गुपचूप परत. सगळ्याईनं माना हलवल्या. आचलनंही हलवली.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी सिंदेवाहीवरून माह्या नणंदेचा, कुंताचा फोन. "वहिनी, समुद्राले चालले म्हणे! आमच्या घरावरूनच जाणार ना? दोन दिवस राहा लागन, सांगून ठेवते."

ठीक आहे, म्हणलं. सिंदेवाही निदान वाटेत तरी आहे. पण मग कुरखेड्याच्या मावशीचा फोन आला. कुरखेडा वर, उत्तरेले. ती म्हातारी म्हणे, "या वर्षी मी आहे, पुढच्या वर्षीचं कोणी पाह्यलं?" आता याच्यावर माणूस नाई कसं म्हणणार? घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, तशी गत. मग त्या पंगतीतून उठलेल्या मामाचा. अन् शेवटी सिरोंच्याहून प्रफुल्लच्या चुलतभावाचा, डोमाचा.

"वहिनी, बोकड सांगून ठेवला!"

मी फोन हातात घेऊन उभीच राह्यली. समुद्र कुठी, सिरोंचा कुठी! समुद्र पश्चिमेले, अन् सिरोंचा पार खाली, तिथी अर्धा बाजार तेलुगू बोलते. पुण्याले जायाले निघालेला माणूस कधी सिरोंच्यावरून गेला आहे का?

प्रफुल्ल बोटं मोजाले बसला. मोजता मोजता त्याचा चेहरा पडला. "रंजी, असं फिरलं तं जून इथंच संपते. समुद्र कुठी अन् पोरीची शाळा कुठी!"

"तुमच्या त्या गाडीले आग लावा," मी म्हणलं. "अन् कूलरवर बसा."

पण सांगतलं कोणी? मले शंकाच नव्हती. माह्या सासूचं नाव सुगंधाबाई, आम्ही सगळे माय म्हणतो. मायच्या पोटात काई राहात नाई. गावात कोणाची म्हैस व्याली तरी ती तीन तालुक्यात कळवते.

"माय, तुम्हाले सांगतलं होतं ना तोंड बंद ठेवा म्हणून?"

"मी कायले सांगू वो? मले फोन लावता येते का? आचल लावून देते तेव्हा मी बोलते."

"मग तेव्हाच बोलल्या असाल! माह्या पोरीची एक सुट्टी आहे हातात, एक! तेही तुम्हाले पाहावत नाई."

हे जरा जास्तच झालं. माय त्या दिवशी आमच्याकडं पाठ करून जेवली, अन् कढण अर्धं तसंच ठेवून उठली. तिले कढण किती आवडते ते मले माहीत आहे. तरी मी फुगूनच राह्यली.

दुसऱ्या दिवशी डोक्यावर पदर घट्ट करून मी फोन घेतला. म्हणलं, पहिले सिरोंचा कापते. जो सगळ्यात दूर, त्याचा राग सगळ्यात उशिरा पोचन.

"डोमा भाऊ, राग धरू नका. या वर्षी काई जमत नाई."

"असं कसं वहिनी? पोरगी तं किती गयावया करून राह्यली होती."

"कोणती पोरगी?"

"आचल. तिनंच तं फोन केला. म्हणे काका, आम्हाले बोलवा. आई नाई म्हणन, पण तुम्ही ऐकू नका. आलो की लवकर सोडू नका म्हणे. मी म्हणलं, बापा, एवढी माया! म्हणून तं बोकड सांगतला."

मी फोन ठेवला. चोर सोडून संन्याशाला फाशी! अंगणात माय पोह्याच्या पापडांवरून कोंबड्या हाकलून राह्यली होती. तिच्याकडं पाहायचीही मले लाज वाटली. पण लाजेच्या वरती राग होता. मी तशीच गाडीकडं गेली.

आचल आत बर्फाच्या पेटीवर बसली होती. बापानं त्या पेटीवर गादी टाकून बाकडं केलं होतं.

"सगळ्याईले तूच फोन केले?"

तिनं मान खाली घातली.

"काऊन? बोल ना! आता तोंड शिवलं का? तुले समुद्र नाई पाहाचा तं सांगाचं होतं. तुह्या आजीले मी काय काय बोलली माहीत आहे का? अन् असं फिरत बसलो तं तुह्या शाळेची तारीख निघून जाईन, हे समजते का तुले?"

"समजते," आचल म्हणली.

"अन् जागा दुसऱ्या पोरीले जाईन!"

"तेही समजते."

तेव्हा कुठी मले समजलं. बाजारात दहा गिऱ्हाइकं एकदम भांडतात तं मी दहाईले उत्तर देते. इथी भांडण टाकून मी तिच्या बाजूले बसली. बाहेरून लोखंड तापलं होतं, आत भट्टी.

"तुले जायाचं नाई का?"

"जायाचं आहे," ती म्हणली. "पण आई, सिरोंच्याले डोमा काका आहे. कुरखेड्याले मावशी आजी. सिंदेवाहीले आत्या. कुठीबी गेलं तं पाणी प्याले कोणी तरी आहे. तिथी वर्ध्याकडं कोण आहे आपलं? तिथून कोणाची गाडी गेली तरी कायले थांबन?"

अन् मग जी रडली, जी रडली! मीही रडली. खोटं कायले बोलू, एक घडी मले वाटलं, चुकू दे ती तारीख. जाऊ दे जागा वेटिंगवाल्या पोरीच्या घशात. आपली पोरगी आपल्या डोळ्यापुढं राहीन, चामोर्शीच्या शाळेत जाईन, संध्याकाळी मले मासोळ्या तोलाले मदत करन. घरातली गोष्ट घरातच. कोण इचारणार होतं?

कूलरमधून पाणी टपकून राह्यलं होतं. त्या कूलरले लाथ मारावी असं वाटलं.

"आता आहे ना तिथी आपलं," मी म्हणली.

"कोण?"

"तू."

तिनं माह्याकडं पाह्यलं. मी पदरानं तिचं नाक पुसलं, जरा जोरातच, अन् तिच्यापुढंच डोमाले परत फोन लावला.

"डोमा भाऊ, बोकडाले सांगा, या वर्षी वाचला. आम्ही येत नाई. पण एक ऐका. वर्ध्याजवळ आता आपलं घर झालं. आमची आचल तिथी राहाते. तुमची नागपूर-अमरावतीची खेप असते ना? तिच्या शाळेवरून गाडी गेली अन् तिच्या हातचं पाणी पेल्याबिगर तुम्ही पुढं गेले, तं तुमच्या पोराच्या लग्नात मी पंगतीतून उठून जाईन. सांगून ठेवते."

"बापा!" डोमा म्हणला. "थांबतो जी वहिनी. थांबाच लागन."

मग कुंताले फोन. मग मावशीले. मग त्या मामाले, एस.टी.वाल्याले. सगळ्याईले तेच सांगतलं, अन् त्याच आवाजात, ज्या आवाजात मी उधारीवाल्याले बोलते. कोणी नाई म्हणलं नाई. रीत म्हणजे रीत.

मायपाशी गेली तेव्हा ती पापड उलटून राह्यली होती. "माय, चुकलं माह्यं." ती म्हणली, "मले माहीत होतं तिनंच केले म्हणून. फोन लावून द्याची, अन् माह्यं बोलणं झालं की मले बाहेर पाठवून स्वतः बोलाची." "मग बोलल्या काऊन नाई?" "पोरगी आहे वो. तुह्या हातचे धपाटे खाणार होती." अन् मग हळूच, "गाडीत माह्यापुरती जागा कर. मीबी तिथी पाणी प्याले थांबीन."

म्हणजे आता पाच जण अन् कूलर. प्रफुल्ल डोकं धरून बसला. ठरलं ते असं, की कुंताकडं फक्त पाणी, खरंखुरं पाणी, मग समुद्र, अन् परतताना आचलले शाळेत सोडाचं. कूलर काढा म्हणलं तं तो ऐकत नाई. मरू दे.

संध्याकाळी मी मांडणीवर पाह्यलं तं माह्या लग्नातले स्टीलचे गिलास दिसेनात, सगळेच्या सगळे. माह्या बापानं दिलेले, नाव घातलेले. मी ओरडतच आत गेली. आचल शाळेच्या पेटीत कपडे सारून गिलास लावून राह्यली होती.

"एवढे कायले वो? तुले एक पुरते."

"अन् डोमा काकाच्या घरचे सगळे आले तं?" ती म्हणली.

मी पदरानं एक एक गिलास पुसून तिच्या हातात देत राह्यली.