गॅलनला नऊ मैल

मी पिते. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी माझ्या तोंडावर दारुडी म्हणायला नको. माझं पिणं पेट्रोलचं, आणि त्या पिण्यापायी मांडवगण फराट्यापासून दौंडच्या स्टेशनापर्यंत माझी अब्रू गेली होती. मी मारुतरावांची पिकअप गाडी. आज गूळ भरायचा आहे, माणसं अजून आलेली नाहीत, तोवर माझी बाजू ऐकून घ्या.

जन्म अमेरिकेतला. त्याचा मला तोरा नाही, कारण तिथलं काही आठवतच नाही. पहिली आठवण आहे ती मुंबईच्या बंदरावर क्रेनला लटकल्याची आणि दुसरी शिरूरच्या मिशनच्या आवाराची. तिथं एका गोऱ्या साहेबानं मला अठरा वर्षं वापरलं. औषधांच्या पेट्या, पुस्तकांचे गठ्ठे, एकदा तर एक अख्खी पेटी आणि ती वाजवणारी बाई, असं सगळं मी वाहिलं. साहेब तासाला वीस मैलांच्या वर कधी गेला नाही. माझ्यासमोरून कोंबड्या रस्ता ओलांडायच्या, त्याही सावकाश.

ड्रायव्हर बन्यामीन. उंच, किडकिडीत, मिशनच्या शाळेत शिकलेला आणि खोटं न बोलण्याबद्दल सगळ्या शिरुरात बदनाम झालेला माणूस. गाडी चालू करण्याआधी तो डोळे मिटून प्रार्थना करायचा. माझ्यावर एवढा अविश्वास कशासाठी, असं मला पहिली काही वर्षं वाटायचं. पुढं माझे ब्रेक कसे आहेत ते मलाच कळलं आणि मी राग सोडला.

साहेब छप्पन साली मायदेशी निघून गेला आणि मी मांडवगणच्या मारुतरावांकडं आले. बन्यामीनही माझ्याबरोबर आला, कारण मला चालू करण्याची खुबी दुसऱ्या कुणाला माहीत नव्हती. रविवारी गाडी काढणार नाही, एवढी एकच अट त्यानं घातली.

मारुतराव म्हणजे सोसायटीचे चेअरमन. उसाचा मळा, गुऱ्हाळ, भरघोस मिशा आणि दोन शेतांपलीकडं ऐकू जाणारा आवाज. गुळाच्या ढेपा दौंडच्या स्टेशनावर न्यायला गाडी हवी, असं ते चारचौघांत सांगत. खरं तर त्यांना पुढं बसायला गाडी हवी होती. दर मंगळवारी पांढरा फेटा बांधून ते बन्यामीनच्या शेजारी बसत आणि वाटेत जो दिसेल त्याला, ओळख असो नसो, हात वर करून रामराम करत.

आता माझ्या दुखण्याचं मूळ सांगते. मारुतरावांची एक चंची होती. पानं, सुपारी, कात, चुन्याची डबी, तंबाखू आणि पितळेचा जाडजूड अडकित्ता, एवढा संसार त्या कापडी पिशवीत होता. बसल्याबरोबर ते तिचा बंद माझ्या समोरच्या फळीवरच्या चोकच्या बोंडाला अडकवायचे, कारण तेवढंच एक बोंड हाताशी होतं. चोक म्हणजे माझ्या नाकावरचा हात. तो ओढला की इंजिनाला वारा कमी मिळतो आणि पेट्रोल जास्त जातं. सकाळी थंड इंजिन चालू करताना तो ओढायचा आणि इंजिन तापलं की आत ढकलायचा. बन्यामीन न चुकता आत ढकलायचा. मग चंची अडकायची, रस्त्यावर खड्डे लागायचे आणि अडकित्त्याच्या वजनानं ते झिजलेलं बोंड इंचाइंचानं बाहेर यायचं. अर्ध्या वाटेच्या अलीकडंच माझा श्वास कोंडायचा. मागून काळा धूर निघायचा आणि मी घटाघटा प्यायचे.

चंचीखाली काय झाकलंय ते कोण बघणार? मालकाच्या चंचीला हात लावायची गावात रीत नव्हती आणि बन्यामीन तर पान-तंबाखूच्या दिशेनं बघतही नसे. मला सगळं कळत होतं. पण गाडीला बोलायला एक हॉर्न दिलेला असतो आणि त्यातून एकच शब्द निघतो.

दौंडला जाऊन-येऊन पंचेचाळीस मैल. एवढ्यात मी पाच गॅलनचा पुरा डबा संपवायचे.

मग माझ्यावर इलाज सुरू झाले. शिरूरच्या एका मेस्त्रीनं कार्बोरेटर खोलला, आतलं सगळं रॉकेलनं धुतलं आणि परत बसवताना एक स्क्रू खिशात ठेवून दिला. दुसऱ्यानं पेट्रोलमध्येच रॉकेल मिसळलं. त्या आठवड्यात मी इतकी खोकले की वाटेवरच्या म्हशी उधळल्या. मारुतरावांनी स्वतःचंही डोकं चालवलं. चढ आला की मागं बसलेल्यांनी उतरून चालायचं आणि उतार आला की इंजिन बंद करायचं. अशा वेळी बन्यामीनची प्रार्थना चालत्या गाडीत व्हायची, तीही उघड्या डोळ्यांनी.

दौंडचा भिमाजी मेस्त्री मात्र गुणी होता. त्यानं प्लग घासले, त्यांची फट नीट केली, व्हॉल्व्ह सारखे केले, टायरमध्ये पुरेशी हवा भरली आणि हवेच्या जाळीतली बावीस वर्षांची धूळ काढली. खरं सांगते, मला दहा वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटलं. त्यानं मला पाटसच्या रस्त्यावर फिरवून आणलं तर मी वाऱ्यासारखी पळाले. का नाही पळणार? मारुतराव गॅरेजच्या दारात बाकावर बसून पान जुळवत होते आणि चंची त्यांच्या मांडीवर होती.

"गाडी एकदम तय्यार हाय, आबा," भिमाजी मारुतरावांना म्हणाला.

आबा खूश होऊन गाडीत बसले, चंची अडकवली आणि घरी येईपर्यंत पुन्हा डबा रिकामा. असं तीनदा झालं. मेस्त्र्यांपुढं मी सोज्वळ आणि रस्त्याला लागले की पिणारी, अशी माझी ख्याती झाली. मारुतरावांना तर मी मुद्दाम करते असं वाटू लागलं.

शेवटी त्यांनी अंगणात उभं राहून निकाल दिला. "दसऱ्यापातूर हिनं गॅलनला बारा मैल दिलं तर ठीक. न्हाई तर हिचा आस काढायचा आन् बैलगाडीला लावायचा. टायरची गाडी तरी हुईल."

माझ्या रेडिएटरचं पाणी थिजलं. मरणाचं मला काही वाटलं नसतं. पण ज्या बैलांना हॉर्न मारमारून आयुष्यभर रस्त्याच्या कडेला घातलं, त्यांच्याच शेपट्यांमागून उरलेला जन्म चालायचं?

दसऱ्याआधीचा शेवटचा मंगळवार उजाडला. ढेपा भरून झाल्या आणि मारुतरावांच्या मंडळी तुळजाबाई नवं लुगडं नेसून बाहेर आल्या. त्यांची लेक सरू दौंडला दिलेली. तिला मुलगी होऊन पाच महिने झाले होते आणि घरच्या रगाड्यातून तुळजाबाईंना नातीचं तोंड बघायला जमलं नव्हतं.

"गाडी मोडायचीच हाय, तर मला एकदा बसून सरूकडं जाऊ द्या," त्या म्हणाल्या.

"पुढं? बायामाणसं पुढं बसत्यात व्हय?"

"मग मागं गुळावर बसू? मुंगळं हायेत तिथं."

मारुतराव मधे सरकले आणि तुळजाबाई दाराकडं बसल्या. तिघांत जागा अपुरी. चंची मारुतरावांच्या गुडघ्यात यायला लागली तशी तुळजाबाईंनी ती काढून घेतली. "द्या हिकडं, मी जुळवून देती पान."

त्या दिवशी माझा श्वास मोकळा झाला. गुळाच्या तीस ढेपा पाठीवर असून मी चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढले. बन्यामीन दोनदा माझ्याकडं संशयानं बघत होता. संध्याकाळी घरी आल्यावर मारुतरावांनी टाकीत काठी घालून पाहिली, पुसून पुन्हा घातली. पंचेचाळीस मैलांत तीनच गॅलन गेले होते. गॅलनला पंधरा मैल.

भिमाजीचं नाव कुणी काढलं नाही. टायरची हवा, प्लग, व्हॉल्व्ह, सगळं बाजूला राहिलं. मारुतराव पारावर जाऊन सांगून आले, "आमच्या मंडळींचा पायगुण." आणि सगळ्या गावाला ते पटलं. दसऱ्याला माझ्या पूजेबरोबर तुळजाबाईंनाही ओवाळलं. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

तेव्हापासून दर मंगळवारी तुळजाबाईंना पुढं बसायचा हुकूम झाला. ज्या बाईला वर्षातून एकदा दौंड दिसायचं, ती आठवड्याला नातीला मांडीवर घ्यायला लागली. सरूच्या हातचा चहा पिऊन यायची. परतीच्या वाटेवर मळ्यात काय लावायचं हेही सांगायची आणि मारुतराव ऐकायचे, कारण पायगुणाची बाई नाराज करून कसं चालेल?

दोनेक महिन्यांनी एकदा त्या सरूकडं उतरल्या आणि मारुतराव बन्यामीनला घेऊन माल उतरवायला गेले. चंची पुन्हा बोंडाला लागली. तासाभरानं तुळजाबाईंना घ्यायला आले तर मी धूर ओकत होते. मारुतराव जावयाशी बोलायला उतरले. तुळजाबाई आत बसल्या, चंची काढली आणि त्यांना ते बाहेर आलेलं बोंड दिसलं.

"बन्यामीनभाऊ, हे कशाचं वो?"

बन्यामीननं जे आहे ते सांगितलं. वारा कमी, पेट्रोल जास्त.

"म्हंजी चुलीसारखंच. वारा कोंडला की लाकडं जास्त लागत्यात आन् घरभर धूर." त्यांनी मांडीवरच्या चंचीकडं पाहिलं, मग बन्यामीनकडं. तोही चंचीकडंच बघत होता. अठरा आणि चार अशी बावीस वर्षं मला चालवणाऱ्या त्या माणसाचा चेहरा मी कधी इतका पडलेला पाहिला नव्हता.

"काकी, आबांना सांगायला पायजे," तो म्हणाला.

"इचारलं तर खोटं बोलू नका," तुळजाबाई म्हणाल्या. "पण न इचारता सांगू बी नका." आणि त्यांनी बोंड अंगठ्यानं आत ढकललं.

मारुतरावांनी कधीच विचारलं नाही. पायगुण असताना विचारायचं काय? दोन वर्षं अशी गेली आणि मग संकट आलं, तेही मारुतरावांच्या तोंडातून. त्यांच्या गालात आतून जखम झाली. डॉक्टरनं दम भरला की तंबाखू सोडा, नाही तर गाल जाईल. चंची घरात खुंटीला लागली ती कायमची.

पुढच्याच मंगळवारी तुळजाबाईंना ताप भरला. मारुतराव म्हणाले, "आज आपुन दोघंच जाऊ. बघू तरी गाडी काय करती."

चंची नाही, म्हणजे मी पंधरा मैल देणार. मग पायगुण कशाला हवा? पुढचा मंगळवार तुळजाबाईंचा नसणार, आणि नात त्यांना ओळखायचंही बंद करणार. मी मनाशी ठरवलं, आज प्यायचं. पण ठरवून पिता येत नाही हो. भिमाजीनं मला इतकं चांगलं दुरुस्त केलं होतं की मी घोट घोटच घेत राहिले.

शिवार मागं पडलं तसा मारुतरावांना डुलका लागला. फेटा काचेला टेकला. बन्यामीननं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा वर पाहिलं. मग हात पुढं केला आणि बोंड ओढलं.

जाताना तेच, येतानाही तेच. मी इतक्या आनंदानं कधी प्यायले नव्हते.

घरी आल्यावर मारुतरावांनी काठी घातली. पाचही गॅलन गेलेले. त्यांनी कमरेवर हात ठेवले आणि सहा वर्षांत पहिल्यांदा सरळ विचारलं, "बन्यामीन, खरं सांग. आज ही एवढी का प्याली?"

बन्यामीननं गाडी चालू करण्याआधी मिटतो तसे डोळे मिटले.

"काकी न्हवत्या म्हणून, आबा," तो म्हणाला.

यात खोटं काय होतं, तुम्हीच सांगा. तरी पुढच्या रविवारी तो मिशनच्या देवळातून तासभर उशिरा बाहेर आला.

आता त्रेसष्ट साल आहे. माझ्या पत्र्याला गंज चढलाय, एक दिवा गेलाय. मारुतराव पुण्यात नवा ट्रक बघून आले होते. पण घरचा पायगुण नव्या गाडीला लागेल की नाही याची त्यांना खात्री वाटेना, म्हणून मलाच ठेवलंय. आता तुळजाबाईंचं आणि माझं एकमेकींवाचून भागत नाही.

माणसं आली ढेपा घेऊन, निघायला हवं. मंगळवारी तुम्ही दौंडच्या रस्त्याला लागलात आणि आम्ही दिसलो, तर हात करा. बन्यामीन थांबेल. मागं खुशाल बसा, मुंगळ्यांना जरा सांभाळा. पुढची जागा मात्र मागू नका.