सर्जाचं वशिंड

खाण तशी माती म्हणजे काय, ते आमच्या उदगीरच्या घरी येऊन पाहावं. आमचे हे सागवानी देव्हारे कोरतात; गाव त्यांना रामलिंगअप्पा म्हणतं. लेक स्वप्नाली त्यांच्याच हाताखाली शिकली. पातळ पट्टी शिकंज्यात धरली की चिरते, म्हणून हे दोन्ही हातांनी पट्टी धरायचे आणि ती कोरायची. दोघांचा मेळ एवढा, आणि हट्टही तेवढाच.

इटलीतल्या एका शाळेत जुन्या कोरीव वस्तू दुरुस्त करायला शिकवतात. तिथं जायचं स्वप्नालीनं ठरवलं. प्रवेशासाठी शाळेनं तिला एक फोटो पाठवला. चर्चमध्ये वेदीमागे उभा करायचा सहाशे वर्षांपूर्वीचा देव्हाराच म्हणा ना, पण सगळा हाडाच्या पट्ट्यांचा. येशूच्या जन्मापासून क्रुसापर्यंतचे प्रसंग त्यावर कोरलेले. त्यातल्या जन्माच्या पट्टीची हुबेहूब नक्कल करून पाठवायची होती, तीही हाडातच.

गळ्यात लिंग बांधणाऱ्यांच्या घरात हाड! ह्यांनी साफ सांगितलं, दुकानात आणायचं नाही. पोरीनं काय करावं? शेतात पुरलेल्या आमच्या सर्जाच्या पायाचं हाड उकरून काढलं. पंधरा वर्षं आमची शेती ओढलेला बैल तो. तो गेला तेव्हा हे दोन दिवस जेवले नव्हते. मीही तिला नाही नाही ते बोलले. खाटकाकडचं हाड आणण्यापेक्षा घरचं बरं, एवढंच ती म्हणाली. त्या दिवसापासून बाप-लेकीचा अबोला.

महिनाभर ती गोठ्यात बसून एकटीच कोरत राहिली. डाव्या हातानं धरायची, उजव्यानं कोरायची. बोटाबोटाला चिंधी बांधलेली. राग यायचा, तरी त्या चिंध्या मीच फाडून द्यायचे.

पट्टी पाठवायच्या आदल्या दिवशी भाकरी घेऊन गेले, तर ही कपाळाला हात लावून बसलेली. गव्हाणीतलं बाळ, आई, गाढव, सगळं फोटोतल्यासारखं उतरलं होतं. बैलाला मात्र तिनं वशिंड काढलं होतं. फोटोतल्या बैलाची पाठ सपाट, आणि हिचा हात सवयीनं आपला देवणी बैल कोरून गेला. मान, वशिंड, पडलेले कान, सगळा सर्जाच.

महिनाभर गोठ्याकडे न फिरकलेले हे माझ्यामागे कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही. त्यांनी बराच वेळ पट्टी न्याहाळली.

"ऱ्हाऊ दे त्ये," ते म्हणाले. "सर्जा हाय त्यो."

"न्हाई अप्पा," ती म्हणाली. "दुसऱ्याचं काम दुरुस्त करायचं शिकाया चाल्ले. त्यात माझं घालून कसं चालंल?"

तिनं पटाशी उचलली. पण दुखऱ्या बोटांत पट्टी ठरेना. जरा हात घसरला असता तर महिन्याचं काम मातीत गेलं असतं. मला बघवेना.

ह्यांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला. मग तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि सर्जाचं हाड दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"काप," ते म्हणाले.