ठकुबाईच्या सुया

माणूस गेला की त्याचं दुखणंही त्याच्यासोबत जातं, याबद्दल वळ गावात त्र्याहत्तर सालापर्यंत मतभेद नव्हते. त्या वर्षीच्या भातलावणीत, माघात वारलेली ठकुबाई सोमीच्या टाचेत शिरली.

सोमीनं चिखलातून पाय वर काढला. टाचेत सुई. लगोलग कमळीलाही टोचलं. दोघी मजुरणी बांधावर जाऊन बसल्या.

"म्हातारी हाय शेतात," सोमी म्हणाली.

"रोप पिवळं पडंल गो," ठकुबाईची सून काशी म्हणाली.

"पडू दे. पाय आमचं हायेत."

काशीनं सुया ओळखल्या होत्या. ठकुबाईला साखरेचं दुखणं. नारपोलीत कापडाच्या लूमवर जाणारा काशीचा नवरा पंढरी ड्युटीआधी आईला रोज इंजेक्शन द्यायचा. महिन्याला एक सुई बोथटायची. सासू ती काशीच्या हातात द्यायची. "लपव कुठं तरी. लोकांना दिसल्या तं तुलाच चेटकीण म्हणतील." काशीनं त्या उकिरड्यात खुपसल्या. चैतात उकिरडा गाडीत भरून शेतात गेला, सुयांसकट.

आता खरं सांगायची सोय नव्हती.

सावळ्या भगतानं चिखल हुंगला. "करणी हाय. बाईमाणसाची." भगतानं तिच्याच शिवणाच्या डब्यातल्या पाच सुया मागून लिंबाला टोचल्या आणि लिंबू शेताच्या मधोमध पुरलं.

"उतरा आता."

"तू उतर आधी," कमळी म्हणाली. भगताला घरी काम निघालं.

दुपारी सगळे जेवायला गेले की काशी एकटी गुडघ्यांवर बसून चिखल चाचपायची. पाठीमागं सासूच्या घशातली घरघर ऐकू यायची. वळून बघायची हिंमत नव्हती. "आत्याबाई, या वक्ताला नीट लपवीन," ती पुटपुटायची. तीन दिवसांत पायांतल्या दोन धरून सतरा निघाल्या. म्हातारी इंजेक्शनवर सतरा महिनेच जगली होती. लिंबाला काशीनं हात लावला नाही, ते देवाचं.

पंढरीनं सुया पत्र्याच्या डब्यात घातल्या आणि झाकण कथलाच्या डागानं बंद करून आणलं. डबा चुलीमागं कंबरभर खोल पुरला. मग काशी अनवाणी शेतभर चालली.

"गेली म्हातारी?" सोमीनं बांधावरून विचारलं.

"गेली."

लावणी झाली. भात बरं आलं. गावानं भगताला कोंबडा दिला.

पुढच्या वर्षी सोमीला पुन्हा टोचलं. या खेपेला पाच सुया निघाल्या. पाचही सुयांना दोरा ओवायचं नेढं होतं.