मास्तरांच्या पायाखालची फळी

मित्रांनो, वाद्यवृंद ऐकायला गेलात की तुम्ही वाजवणाऱ्यांकडे बघता, हातात काडी घेऊन ताल दाखवणाऱ्या संचालकांकडे बघता. ते कशावर उभे आहेत, हे कोण बघतो? ज्यावर ते उभे असतात तोच मी, वीतभर उंचीचा जुना लाकडी चौथरा.

गावात वाद्यवृंद उभा राहिला तेव्हा शाळेतल्या मोडक्या बाकांच्या फळ्या जोडून मला बनवलं. पहिले संचालक म्हणजे गणिताचे मास्तर. त्यांच्या पत्नी, आम्हा सगळ्यांच्या काकू, पुढच्याच रांगेत चेलो, ते मोठं उभं व्हायोलिन, वाजवायच्या. मास्तर भारी तापट. कोणी बेसूर झालं की माझ्यावर पाय आपटायचे. चूक बासरीची आणि मार मला! त्यानेच माझी डावी फळी सैल झाली. सुरुवातीचा हात उचलताना मास्तर डावा पाय पुढे टाकायचे आणि मी कर्रकन वाजायचो.

पुढे मास्तर थकले. हात इतका थरथरू लागला की ताल कुठे पडतो ते कोणाला कळेना. मास्तरांना मात्र त्याचा पत्ता नव्हता. काकूंनी सगळ्यांना हळूच सांगून ठेवलं, "हाताकडे नका बघू. फळी वाजली की सुरू करा, मग माझ्याकडे बघा." सगळे तसंच करू लागले.

"बघा, अजून माझ्या एका बोटावर सगळे चालतात!" मास्तर म्हणायचे. तेव्हा माझी ऐट काय सांगू!

मास्तरांच्या पंच्याहत्तरीचा कार्यक्रम ठरला. परगावी राहणारी त्यांची लेक आली. तिने माझ्यावर पाय ठेवला आणि मी कुरकुरलो.

"एवढे पाहुणे येणार आणि बाबांच्या पायाखाली हे असलं?"

कोणालाही न सांगता तिने सुताराकडून खिळे ठोकून घेतले, वर नवा गालिचा घातला. बिचारीला खरं काय ते कोणी सांगितलंच नव्हतं. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

कार्यक्रमात मास्तरांनी हात उचलला, पाय पुढे टाकला. मी गप्प. दोघातिघांनी सुरू केलं, बाकीचे वाट बघत राहिले. मास्तरांनी सगळ्यांना थांबवून पुन्हा हात उचलला. पुन्हा तोच गोंधळ. मग त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, आणि नंतर काकूंकडे.

"कधीपासून?"

"बरीच वर्षं झाली," काकू खाली मान घालून म्हणाल्या. "सांगितलं असतं तर तुम्ही घरी बसला असतात हो."

मास्तर उतरले ते कायमचे. दुसऱ्या दिवशी लेक माझ्यावर बसून ढसाढसा रडली. "आई, मला तरी सांगायचंस गं," एवढंच म्हणत होती.

त्यांच्यामागून नावाजलेले संचालक आले, गेले. आता मी अडगळीत पडून आहे. माझं काळीज तुटतं ते त्यासाठी नाही.

मित्रांनो, आपल्या माणसाला जपा, पण त्याच्यापासून लपवून जपू नका. खरं सांगितलं असतं तर मास्तर चिडले असते, दोन दिवस नीट जेवले नसते. मग स्वतःच खुर्ची ओढून काकूंशेजारी बसले असते, स्वरलिपीची पानं उलटून द्यायला. आमच्यातच राहिले असते.