खरखरीची मानकरीण

अब्दोनच्या गिटारीला खरखर लागली होती आणि काही केल्या सुटत नव्हती. बोट तारेला लागायच्या आधीच स्पीकर असा तडतडायचा, की जणू तापल्या कढईत कुणी ओले वाटाणे टाकलेत. केबल बदलून झाली, आतल्या तारा नव्याने जोडून झाल्या, गिटारीच्या पोटात चॉकलेटची चांदी चिकटवून झाली. बँडचा म्होरक्या मासेदोनियो तर तिला लसणीची माळ घालून मोकळा झाला. खरखर ढिम्म.

एरवी हसण्यावारी नेलं असतं, पण आता गळ्याशी आलं होतं. अब्दोनची सासू दोन्या उर्बाना, हिचं उआंकायो शहराच्या बाजारामागे भाजलेल्या कोंबड्यांचं दुकान. तिनं निर्वाणीचं सांगितलं होतं, "संत सान्तियागोच्या जत्रेत पुन्हा हा तमाशा झाला ना जावईबापू, तर गिटार विकायची आणि गुमान कोंबड्या सोलायला यायचं."

बायको, नेलिदा, हिनं लगेच दुकानातला एक एप्रन काढून त्याच्या मापाचा करायला घेतला. अब्दोनला तेच जास्त लागलं.

जत्रा तोंडावर आलेली. तो अंगणात सरावाला बसला होता. भिंतीपलीकडे शेजारच्या सोसिमोचं मक्याच्या लाह्यांचं यंत्र चालू होतं आणि दोन्या उर्बाना पाण्याच्या घमेल्यात अनवाणी उभी राहून घोंगडी तुडवत होती. खरखर ऐकून बाईचं डोकं सणकलं. घमेल्यातूनच हात लांबवून तिनं जावयाचा कान पिरगाळला. "बंद कर म्हणते ना!"

आणि खरखर बंद झाली!

तिनं कान सोडला. सुरू. पुन्हा धरला. बंद.

"आई, अजून एकदा धरा बघू."

"धरते की. त्यात कसली मेहनत?"

मासेदोनियो धावत आला. त्यानं बूट घालून कान धरला, उपयोग शून्य. अनवाणी घमेल्यात उतरला तेव्हा अर्थिंग मिळून जमलं, पण आमच्याकडे जुलैत कडाक्याचा हिवाळा, त्यात डोंगरातलं पाणी ते! "आई गं!" करत तो बाहेर उडाला. "मला ड्रम वाजवायचेत बाबा. वहिनी, तुम्ही बघा."

"मी नाही हं," नेलिदा म्हणाली. "चारचौघांत नवऱ्याचा कान धरायचा? घरात धरते तेवढं पुरे."

राहिली सासू. ती फिस्सकन हसली. "म्हणजे मीच माझ्या पायावर धोंडा पाडून घेऊ? खरखर झाली तर मला फुकटचा गडी मिळतोय!"

पण मासेदोनियोही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. तो तडक जत्रेच्या यजमानाकडे, क्रिसांतोकडे गेला. आमच्याकडे जत्रेत मानकऱ्याशिवाय पान हलत नाही. केकचा मानकरी वेगळा, दारूकामाचा वेगळा, गाईच्या कानात ओवायच्या रंगीत फितींचा वेगळा. मान घेतला की सलग तीन वर्षं निभवायचा. मधेच टाकला तर गल्लीत तोंड दाखवायला जागा नाही.

रविवारी चर्चबाहेर क्रिसांतोनं सगळ्यांदेखत दोन्या उर्बानाच्या खांद्यावर पट्टा घातला. "खरखरीच्या मानकरीण, दोन्या उर्बाना!" टाळ्यांचा कडकडाट झाला. हातात बिअरचा पेला आला; तो प्यायला की मान पत्करला. मानाला नाही कोण म्हणतं? बाईनं पेला रिकामा केला, उरलेला फेस रीतीप्रमाणे जमिनीवर झटकला, आणि मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

"मासेदोनियो, मेल्या, तुझा मुडदा बशिवला!"

पण पेला तर पिऊन झाला होता.

जत्रेत मंचावर खुर्ची, खुर्चीपुढं घमेलं, घमेल्यात सासूचे पाय, अंगावर पट्टा, डोक्यावर हॅट आणि हातात जावयाचा कान. क्रिसांतोची आई भक्तिभावानं पुढं आली आणि अब्दोनच्या मोकळ्या कानाला तिनं गाईची फीत बांधली. आणि गिटार? काय वाजली म्हणता! नितळ, एक कण नाही खरखरीचा. लोक बेभान नाचत होते. मैदानाच्या कडेला सोसिमोच्या लाह्यांवर झुंबड होती. जिथं बँड तिथं त्याचं यंत्र, हे ठरलेलंच. पाय बधिर झाले तरी बाईनं कान सोडला नाही. मान म्हणजे मान.

उन्हं उतरायला लागली तसा सोसिमोचा मका संपला. त्यानं यंत्राची वायर काढली आणि तोही नाचायला घुसला. नाचता नाचता थेट मंचावर चढला आणि त्याच्या लाथेनं घमेलं पालथं झालं.

बँड थांबला. सासूनं दचकून कान सोडला. अब्दोननं डोळे मिटले. झालं, कोंबड्या.

स्पीकर मात्र गप्प होता. अब्दोननं एक तार छेडली. स्वच्छ. त्यानं सोसिमोकडं पाहिलं, मग कडेच्या थंड पडलेल्या यंत्राकडं पाहिलं, आणि सगळा उलगडा झाला.

"आई," तो पुटपुटला, "खरखर ह्याच्या यंत्राची होती हो. तुमची गरजच नव्हती."

"मी काय बहिरी आहे?" दोन्या उर्बानानं ओले पाय खुर्चीखाली ओढले, पट्टा सारखा केला आणि पुन्हा त्याचा कान धरला, मघापेक्षा घट्ट. "हे कुणाला सांगायचं नाही. मान तीन वर्षांचा आहे माझा. तोवर गिटार विकायचं नाव काढलंस, तर हा कान उपटून हातात देईन. वाजव!"

खाली नेलिदा पोट धरधरून हसत होती. अब्दोनचा कान लालबुंद झाला होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि गिटार अशी वाजत होती की काही विचारू नका.