पंधरा डेसिबल

कानांच्या तपासणीचे दोन आलेख मी एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले आणि दोन रेषांमधलं अंतर पट्टीने मोजलं.

दोन्ही एकाच माणसाचे, बंदरावर क्रेन चालवणाऱ्या काकांचे. पहिला मी तीन आठवड्यांपूर्वी काढला होता. तो पाहून कंपनीने त्यांना क्रेनवरून उतरवून गोदामात बसवलं. दुसरा आत्याने आज काढला, श्रवणयंत्र देण्याआधीची फेरतपासणी म्हणून. त्यात काकांचे कान ठणठणीत होते.

"आत्या, प्रत्येक स्वराला फरक बरोबर पंधरा डेसिबलचा आहे."

"बरे झाले असतील कान."

"कान असे पट्टीने मोजून बरे होत नाहीत गं. हे यंत्राचं काम आहे."

आत्याचं तपासणी केंद्र म्हणजे दोन खोल्या, एक आवाजबंद केबिन आणि एक संगणक. त्यावर आम्ही दोघी आपापल्या नावाने लॉगिन करतो. दोन महिन्यांपूर्वी केबिनमधला हेडफोन बदलला. नवा पंधरा डेसिबल हळू वाजतो, म्हणून प्रोग्राममध्ये तेवढी भर घालायची होती.

"ती भर तू घातलीस ना?"

"घातली म्हणजे? तंत्रज्ञ इथे माझ्या डोक्यावर उभा होता." तिने लॉगिन करून दाखवलं. पंधरा.

मग मी माझ्या नावाने आत गेले. तोच संगणक, तोच प्रोग्राम. शून्य.

आत्या खुर्चीत बसली. "असं कसं?"

मला कळलं होतं. प्रोग्राम अठरा वर्षं जुना. गेल्या वर्षी नव्या संगणकावर तो उघडेनाच. तेव्हा मी जुन्या प्रोग्रामना सांभाळून घेणाऱ्या सेटिंग्जची एक लपलेली यादी शोधून काढली. 'संगणक जुनाच आहे असं भासव', 'अक्षरं मोठी करू नकोस', अशा शेकडो सवलती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम पाहायचा, हे कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीन वर्षं घोटलेलं. मी मात्र सात सवलतींवर एकदम खुणा केल्या. प्रोग्राम उघडला. आत्याने पाठ थोपटली, मीही फुशारले.

त्या सातांतली एक आता मी पहिल्यांदा नीट वाचली. प्रोग्रामला आपल्या फोल्डरात लिहायची परवानगी नसेल, तर त्याला 'लिहिलं' असं खोटंच सांगायचं आणि प्रत्यक्षात ज्याने लॉगिन केलंय त्याच्या खासगी, दडवलेल्या फोल्डरात लिहायचं.

आत्याच्या नावाचा तो फोल्डर मी उघडला. आत्याची भर तिथे पडून होती. ती फक्त आत्यालाच दिसत होती. मी दोन महिने हळू वाजणाऱ्या हेडफोनवर माणसं तपासत होते आणि दोष त्यांच्या कानांवर टाकत होते.

"किती जणांना?" आत्याने विचारलं.

"एकेचाळीस."

"अगं आई गं." तिने दाराकडे पाहिलं. "आधी बाहेर बसलेल्या काकांचं बघ. सोमवारी त्यांची क्रेन कायमची दुसऱ्याच्या हातात जाणार आहे."

मी ती खूण काढली. प्रोग्रामने ताबडतोब 'परवानगी नाही' म्हणून आदळआपट केली. गेल्या वर्षीही हेच सांगत होता बिचारा. मी परवानगी दिली, भर खऱ्या जागी लिहिली आणि दोन्ही लॉगिनमध्ये पाहिली. पंधरा आणि पंधरा. मग काकांना दोन्हींवर तपासलं. आलेख जुळले. आत्याने कंपनीच्या डॉक्टरांना पत्र लिहिलं. 'पहिला अहवाल आमच्या चुकीने सदोष' हे वाक्य तिने सर्वांत वर ठेवलं, सही केली आणि फोन लावून त्यांना स्वतः वाचून दाखवलं. दुसऱ्या खोलीतून तिचा आवाज येत होता, "हो, चूक आमचीच. सोमवारच्या आत बघा."

काका समोर बसले होते. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत होईना. मान खाली घालून मी कसंबसं पुटपुटले, "काका, चूक माझी आहे. तुमचे कान चांगले आहेत."

"ऐकू आलं," ते म्हणाले. "तीन आठवडे मला वाटायचं, ऐकू येतंय ते माझ्या मनाचेच खेळ."

मला रडू आवरेना.

"रडतेस काय? बायको तीन आठवडे माझ्या कानाशी बोंबलतेय. शेजारपाजाऱ्यांना आमच्या घरातलं सगळं ठाऊक झालंय. तिला तूच सांग." त्यांनी नंबर लावून फोन माझ्या हातात कोंबला.

"ऐकू येतंय का हो?" पलीकडून बाई जिवाच्या आकांताने ओरडल्या.

मी फोन कानापासून वीतभर लांब धरला आणि सांगायला सुरुवात केली. अजून चाळीस फोन व्हायचे होते.